प्रत्येकी सोळा टाके

ऐंशीव्या वाढदिवसाला आईला काहीही नको होतं. सगळं बिघडलं ते तिथपासून. माणसाला काहीतरी हवं असलं की ते दुकानातून आणून देता येतं आणि पुढे वर्षभर उजळ माथ्याने वावरता येतं. काहीच नको असलेल्या माणसासाठी मात्र विचार करावा लागतो, आणि ती सवय मला सत्तावीस वर्षांच्या नोकरीत राहिलेली नाही. मी पाणीपुरवठा कार्यालयात अर्ज तपासतो. अर्ज अपुरा असला तर परत करतो. पुरा असला तर पुन्हा एकदा तपासतो.

"नको म्हणजे अगदी काहीच नको?" बायकोने आईला विचारलं.

"सगळे एका जागी दिसले म्हणजे झालं," आई म्हणाली आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली.

वाक्य ऐकायला साधं आहे. आमच्या घरात ते साधं नाही. सगळे म्हणजे आई, मी, माझी बायको, ताई, ताईचे यजमान आणि आमचा थोरला भाऊ. पैकी पहिले पाच जण एका जागी दिसायला काहीच हरकत नव्हती. दादा आणि मी गेली सहा वर्षं एकमेकांशी बोललेलो नाही. भांडण कशावरून झालं ते इथे सांगत नाही, कारण आजवर ज्यांना ज्यांना सांगितलं त्या सगळ्यांनी त्याची बाजू घेतली आहे. शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांत तो एकटा राहतो. बसने चाळीस मिनिटं. गुडघे चालत होते तोवर आई दर महिन्याला जाऊन यायची आणि परत आल्यावर फक्त बसबद्दल बोलायची.

अशा वेळी कार्यालयाच्या फलकावर मला ती जाहिरात दिसली. सार्वजनिक विणकाम सुविधा केंद्र. फोटो तुमचा, विणकाम आमचं. घरच्या संगणकावर आपल्या हाताने नक्षी जुळवायची, केंद्राकडे पाठवायची, आणि तिथलं मशीन तीच नक्षी लोकरीत विणून देणार. स्वेटर, मफलर, पांघरूण, जे हवं ते.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नऊ वर्षांपूर्वी ताईच्या घरी आमचा एक फोटो काढलेला होता. त्यात सगळे होते. वारलेले बाबासुद्धा होते. आता परगावी असलेल्या माझ्या मुलीने तो काढला, म्हणून ती त्यात नाही आणि तिच्या मते ती वाचली. हा फोटो पांघरुणावर विणून घ्यायचा. आईला सगळे एका जागी दिसतील आणि कुणाला कुठून यावं लागणार नाही. कौटुंबिक प्रश्नावर इतका स्वच्छ तोडगा आमच्या घराण्यात याआधी निघालेला नाही असं मला वाटलं. तसं मी बायकोला बोलूनही दाखवलं.

"त्यापेक्षा एक फोन केलात तर?" ती म्हणाली.

बायकोला तांत्रिक गोष्टींतलं फारसं कळत नाही.

आईबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही तिघं भावंडं कॉलेज संपेपर्यंत विकतचा स्वेटर अंगाला लावू शकलो नाही. आई विणायची. बोलताना, स्वयंपाकाकडे लक्ष ठेवताना, आमचा अभ्यास घेताना. चुकलेलं उत्तर आणि उलट टाका एकाच वेळी तिच्या लक्षात यायचा. कुठल्याही दुकानात गेली की आधी स्वेटर उलटा करायची, आतली बाजू बोटांनी चाचपायची आणि न बोलता परत घडी करून ठेवायची. दुकानदारांना तो अपमान शिवीपेक्षा जास्त लागायचा. आता तिची बोटं आखडली आहेत. सुया बिस्किटांच्या डब्यात पडून असतात. आतली बाजू बघायची तिची ही सवय मला त्या वेळी आठवायला हवी होती. आठवली नाही. मी पुढच्या बाजूत गुंतलो होतो.

रविवारी दुपारी मी फोटो सॉफ्टवेअरमध्ये चढवला. त्याचं पहिलंच उत्तर आलं, "आपला फोटो स्वीकारला. नाके काढून टाकल्यास धाग्यात बचत होईल." मी नाकं ठेवली. मग त्याने कळवलं की मशीनला दोनशे सुया आहेत, म्हणजे आडवे टाके दोनशे, आणि रंग चारच मिळतील. मरून, बिस्किटी, काळपट तपकिरी आणि पांढरा. आमच्या कुटुंबाचे सगळे स्वभाव या चार रंगांत बसवायचे होते.

एवढ्यात समोरचे मोजणीकाका वर्तमानपत्र वाचायला आले. ते आमच्याकडे वर्तमानपत्र वाचायला येतात आणि आम्ही त्यांच्यानंतर वाचतो. जमीनमोजणीच्या खात्यात त्यांनी आयुष्य काढलं. त्यांनी मोजून दिलेल्या जमिनींच्या दोन्ही बाजूंचे लोक आजही त्यांच्याशी बोलत नाहीत, आणि याला ते अचूक कामाचा पुरावा मानतात.

"आधी हद्दी कायम करा," ते चष्मा पुसत म्हणाले. "दोनशे. दोन्हीकडची किनार बारा बारा. राहिले एकशे शहात्तर. माणसं सात. प्रत्येकी पंचवीस, बाकी एक. पंचविसात खांदे आले, मधली मोकळी जागा आली. चेहऱ्याला सोळा."

"सोळा टाक्यांत चेहरा?" बायको म्हणाली.

"पुष्कळ झाला. लोकांना घर बांधायला एवढी जागा मिळत नाही."

"आणि तो उरलेला एक टाका?"

"तो आईंना द्या. ज्येष्ठ आहेत."

मग ते खुर्ची ओढून पडद्याजवळ बसले आणि माझा उजवा खांदा दादाच्या हद्दीत तीन टाके आत गेला आहे हे त्यांनी शोधून काढलं. फोटोत आम्ही दोघं शेजारी उभे होतो. त्या काळी उभे राहायचो.

"हे अतिक्रमण आहे," काका म्हणाले.

"त्याने स्वतःच हात टाकलाय माझ्या खांद्यावर."

"मग संमतीने झालेलं आहे. तशी नोंद करा."

ही बातमी ताईकडे पोचायला अर्धा तास लागला. तिचा फोन आला. तिला हनुवटी कमी करून हवी होती. मी म्हटलं, सोळा टाक्यांत हनुवटीला दोनच टाके आलेत, त्यातला एक काढला तर तू मानेवर बोलशील. ती म्हणाली, बघ जमतंय का. पाठोपाठ तिच्या यजमानांनी फोन घेतला. फोटोत त्यांच्या टकलावर उजेड चमकला होता आणि सॉफ्टवेअरने तिथे पांढरा रंग दिला होता. डोक्याला पट्टी बांधलेला माणूस दिसत होता.

"काही फार मागत नाही," मेहुणे म्हणाले. "नऊ वर्षांपूर्वी मला बाजूने केस होते. तेवढे तरी दे."

वाटाघाटी चार दिवस चालल्या. शेवटी मी त्यांना अकरा टाके केस मंजूर केले. बायकोने स्वतःसाठी काहीच मागितलं नाही. एकदा पडद्याकडे बघून ती एवढंच म्हणाली, "मी अशीच दिसते का?" या प्रश्नाला लग्नानंतर कुठलंही बरोबर उत्तर नसतं. मी मशीनवर ढकललं.

नक्षी पुरी झाल्यावर सॉफ्टवेअरने चेहरे मोजले आणि आनंदाने कळवलं, "सात चेहरे आढळले." मी नीट बघितलं तर त्यातलं एक भिंतीवरचं घड्याळ होतं. बाबांना त्याने चेहरा मानलंच नव्हतं. फोटोत बाबा ज्या नजरेने कॅमेऱ्याकडे बघताहेत ती नजर आम्ही जन्मभर सोसली. मशीनने एका सेकंदात तिची दखल घ्यायचं नाकारलं. मला त्याचा किंचित हेवा वाटला.

पुढचा टप्पा केंद्रात. जुन्या इमारतीचा दुसरा मजला, जिन्यात लोकरीचे पुंजके, आणि आत खिडकीमागे एक बाई. त्यांनी माझी नक्षी पडद्यावर उघडली आणि सात छापील कागद माझ्यासमोर सरकवले.

"सात चेहरे, सात ना-हरकत पत्रं. ज्याचा चेहरा त्याची सही. नातं काहीही असो."

"यातला एक चेहरा घड्याळाचा आहे," मी म्हटलं.

बाईंनी पडद्यावर बघितलं, कागदावर बघितलं. "यादीत आहे ना? मग पत्र लागेल. घड्याळाचा मालक कोण?"

"माझ्या बहिणीच्या घरातलं आहे."

"मग त्यांच्या दोन सह्या. एक स्वतःची, एक घड्याळाची."

"आणि हे माझे वडील. हे वारले."

"वारलेल्या व्यक्तीच्या चेहऱ्याला सगळ्या वारसांची एकत्र संमती लागते." त्यांनी यादीवरून बोट फिरवलं. "पण हे यादीतच नाहीत. यादीत नसलेल्याला आम्ही विचारत नाही. ते सामान म्हणून जातील."

माझे वडील, ज्यांच्यासमोर आम्ही खुर्चीत बसत नव्हतो, ते अशा रीतीने सामानात गेले. मी वाद घातला नाही. वारसांची एकत्र संमती म्हणजे कुणाकुणाची सही, ते मला माहीत होतं.

घरी आल्यावर सहा सह्या अर्ध्या तासात झाल्या. मेहुण्यांनी सहीखाली 'केसांसह' असं कंसात लिहिलं. ताईने घड्याळाच्या वतीने सही केली आणि विचारलं, वेळ कुठली दिसणार आहे, कारण ते घड्याळ तेव्हा बंद होतं. राहिलं ते सातवं पत्र.

"आता तरी करा फोन," बायको म्हणाली.

"करतो."

"कधी?"

"त्याची उठायची वेळ नाही ही."

"दुपारचे चार वाजलेत."

मी ते पत्र जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली ठेवलं. हरवू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी कार्यालयात काम होतं. तिसऱ्या दिवशी घसा बसला होता. चौथ्या दिवशी बसलेला घसा सुटला, पण बोलायचं काय ते ठरत नव्हतं. अरे, तुझा चेहरा वापरायचा आहे, असं सहा वर्षांनी पहिलं वाक्य म्हणायचं? माणसाला काही मान असतो. खरं सांगायचं तर मी दहापैकी नऊ आकडे दोनदा दाबले. दहाव्या आकड्याला बोटाने नकार दिला. आईची बोटं संधिवाताने आखडली, माझी कशाने ते डॉक्टर सांगू शकणार नाहीत.

वाढदिवस दोन आठवड्यांवर आला. केंद्राचा निरोप आला की सातवं पत्र नसेल तर अर्ज अपुरा म्हणून परत जाईल. हे वाक्य मी स्वतः हजारो लोकांना पाठवलं आहे. ते इतकं थंड असतं याची मला कल्पना नव्हती.

त्या रविवारी सॉफ्टवेअरमध्ये इकडेतिकडे फिरताना मला एक सोय सापडली. 'निवडलेली व्यक्ती वगळा.' मी दादावर बाण नेला. त्याच्याभोवती ठिपक्यांची चौकट आली. त्याचा हात माझ्या खांद्यावर होता, म्हणून चौकटीने माझ्या खांद्यालाही थोडं धरलं.

"नक्की?" सॉफ्टवेअरने विचारलं. खाली दोन शब्द. होय. नाही.

सहा वर्षांत हा प्रश्न मला इतक्या सरळ कुणी विचारला नव्हता. बायकोने आडून विचारला, ताईने रडून विचारला, आईने न विचारता विचारला. मी होय दाबलं.

दादा गेला. त्याच्या जागी पंचवीस टाके रुंद मरून रंग पसरला. लगेच नवा निरोप आला, "रिकामी जागा आढळली. हरीण टाकायचे?" शेजारी हरणाचं चित्र, दोन नमुन्यांत, एक उभं आणि एक मागे वळून बघणारं.

बायको माझ्या मागे कधी येऊन उभी राहिली होती ते मला कळलं नाही.

"आईंना काय सांगणार?"

"तांत्रिक अडचण आली म्हणून सांगू."

"तुम्हाला तांत्रिक अडचण कधीपासून म्हणायला लागले लोक?" ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. भांडी नेहमीपेक्षा मोठ्याने वाजली.

मी हरीण टाकलं नाही. इतका मी खालच्या थराला गेलो नव्हतो, याची कुठेतरी नोंद व्हावी. बाकीच्यांना जवळ सरकवून जागा भरून काढता आली असती. पण रचना बदलली की सगळे चेहरे नव्याने सादर करावे लागणार होते आणि मेहुण्यांच्या केसांचं प्रकरण पुन्हा उघडलं असतं. जागा तशीच ठेवली. सहा पत्रांवर अर्ज मंजूर झाला.

विणायच्या दिवशी मी केंद्रात हजर होतो. मशीन म्हणजे लांबलचक लोखंडी टेबल, त्यावर दोनशे सुया दातांसारख्या ओळीने, आणि त्यांच्यावरून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे खडखडत जाणारा एक गाडा. ते चालवणारे मास्तर स्वेटरच्या गिरणीत तीस वर्षं काढलेले. त्यांनी पडद्यावर नक्षी बघितली आणि गाडा चालू केला नाही.

"ही मधली जागा कशाला ठेवलीत?"

"अशीच."

"हे बघा. पुढून जो रंग दिसत नाही, त्याचा धागा मागून जात असतो. पुढच्या माणसाला लागेल म्हणून न्यावाच लागतो. पाच-सहा टाक्यांवर मी तो पकडतो. इथे तुमचं पंचवीस टाके काहीच नाही. तीन धागे मागे लोंबत राहणार. पकडायला कायतरी पाहिजे. हरीण टाका."

"नको."

"मग रचना बदलून आणा. दोन टाके टाकले तरी चालतील."

"नवा अर्ज करावा लागेल. आणि मागे कोण बघतंय?"

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. "विणणारं माणूस मागेच बघतं," ते म्हणाले आणि गाडा चालू केला.

तीन तासांत आमचं कुटुंब पायांकडून वर येत गेलं. सगळ्यांत आधी पावलं, शेवटी मेहुण्यांचे केस.

वाढदिवसाच्या दुपारी ताई आणि मेहुणे आले. मोजणीकाका खिशात टेप घेऊन आले. चहा झाला, केक कापून झाला आणि मी पांघरूण आईच्या मांडीवर उलगडलं. मग ताई म्हणाली, "हनुवटी राहिलीच," आणि मेहुणे स्वतःकडे एकटक बघत म्हणाले, "छान. अगदी तेव्हाचा वाटतो." काकांनी टेप लावून माझा खांदा आता कुणाच्याही हद्दीत नाही याची खात्री केली. खरंच नव्हता. तिथे हद्दच उरली नव्हती.

आईला आता बारीक दिसत नाही. ती बोटाने चेहरे चाचपत डावीकडून निघाली. मेहुणे, ताई, मग बाबा. बाबांवर ती जरा थांबली. मग स्वतःवरून पटकन पुढे गेली. आणि तिचं बोट मरून जागेत येऊन थबकलं.

त्याच वेळी दाराची घंटा वाजली. बायकोने दार उघडलं आणि ती बाजूला झाली.

दादा आत आला. केस सगळे पांढरे झालेले. काय करावं न सुचल्यामुळे मी उभा राहिलो, आणि उभं राहिल्यावर काय करावं तेही सुचलं नाही. त्याने आईला नमस्कार केला, खिशातून एक लांब लिफाफा काढला आणि माझ्यापुढे धरला.

"ही सही हवी होती म्हणे."

मी लिफाफा उघडला. आत सातवं ना-हरकत पत्र होतं. वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखालचं. त्याला मोजणीकाकांच्या टोकदार अक्षरातलं पत्र टाचलेलं होतं. 'उपरोक्त चेहऱ्याबाबत आपली काही हरकत असल्यास पंधरा दिवसांच्या आत लेखी कळवावी, अन्यथा आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल.'

मी काकांकडे बघितलं.

"गठ्ठ्याखाली सापडलं," काका म्हणाले. "आईंनी मला वाचायला लावलं, मग पाठवायला लावलं. रजिस्टर पोस्टाने पाठवलं. अहो, एका खातेदाराला नोटीस गेली नाही तर सगळी मोजणी रद्द होते. एवढं साधं तुम्हाला कसं कळत नाही?"

"मी लगेच सही केली," दादा म्हणाला. "पोस्टात टाकणार होतो. मग म्हटलं वाढदिवस आहे, हातानेच द्यावी."

सवयीने मी ते पत्र तपासलं. तारीख जागेवर. नाव जागेवर. 'अर्जदाराशी नाते' या रकान्यात स्वच्छ अक्षरात 'भाऊ'. सत्तावीस वर्षांत इतका बिनचूक भरलेला कागद माझ्या हातात आला नव्हता.

"जरा उशीर झाला," मी म्हटलं. सहा वर्षांनी त्याच्याशी बोललेलं हे माझं पहिलं वाक्य.

तो पांघरुणाकडे बघत होता. डावीकडून उजवीकडे त्याने एकदा बघितलं, मग परत उजवीकडून डावीकडे. मशीनच्या गाड्यासारखं.

"चांगलं झालंय," तो म्हणाला. "घड्याळ अगदी हुबेहूब आलंय."

मेहुण्यांना शांतता सहन होत नाही. "तिथे हरीण येणार होतं खरं म्हणजे," ते म्हणाले. ताईने त्यांच्याकडे ज्या नजरेने बघितलं ती थेट बाबांची होती. मशीनने तिलाही चेहरा मानलं नसतं.

आईने पांघरूण उलटं केलं.

मागे आमचे चेहरे नव्हते, नुसती धाग्यांची गर्दी होती. तिची बोटं सराईतपणे फिरत गेली. सगळीकडे घट्ट, मास्तरांनी नीट पकडलेलं. मग मधे बोट अडकलं. बिस्किटी, तपकिरी, पांढरे असे धागे वीतभर मोकळे लोंबत होते, ओळीमागून ओळ.

"हे इथे मोकळं का सोडलंय रे?"

"तिथे काही नव्हतं आई. म्हणून."

"काही नसतं तर एवढे धागे कशाला लागले असते?"

तिने अडकलेलं बोट सोडवायला ओढलं. धागे तिच्या बोटाबरोबर आले आणि पुढच्या बाजूने काहीतरी आकसल्याचं मला दिसलं. पांघरूण सुलट केल्यावर सगळ्यांना दिसलं. मोकळ्या धाग्यांचं एक टोक आईच्या विणलेल्या खांद्यापाशी होतं, तिथे एक छोटी सुरकुती आली होती. दुसरं टोक माझ्या चेहऱ्यात. माझे सोळा टाके गोळा होऊन पाच-सहा टाक्यांएवढे झाले होते. डोळे नाकात गेले होते, तोंड आंबट काहीतरी खाल्ल्यासारखं वाकडं.

"आता ओळखू येतो," बायको म्हणाली.

दादा हसला नाही. हसला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने चहा घेतला, केकचा तुकडा बशीत ठेवून बोटाने कडेचा चुरा खाल्ला, लहानपणी खायचा तसा. आईशी गुडघ्यांबद्दल बोलला, ताईशी बसबद्दल बोलला. मी त्याला साखर विचारली. त्याने नको म्हटलं. एवढा आमचा संवाद. मग तो उठला.

"थांब," आई म्हणाली. ती पांघरुणाची घडी घालत होती. आखडलेल्या बोटांनी तिला वेळ लागत होता, आणि मदतीला पुढे झालेल्या ताईला तिने हातानेच मागे सारलं. चौपदरी घडी झाल्यावर तिने ती दादाच्या हातात ठेवली.

"आई, अगं ते तुझ्यासाठी आहे," मी म्हटलं. "सगळे एका जागी हवे होते ना तुला?"

"तेच तर करतेय," आई म्हणाली. "यात हा सोडून सगळे आहेत. याच्या घरी हा सोडून कुणी नाही. तिथे नेलं की पुरं होईल."

दादाने घडी छातीशी धरली, मान हलवली आणि गेला. खिडकीतून मी त्याला बसथांब्याकडे जाताना बघितलं. काखेत आमचं सगळं कुटुंब होतं, घड्याळासकट.

काकांनी टेप गुंडाळून खिशात टाकला. "हद्द कायम झाली," ते म्हणाले, आणि सवयीने वर्तमानपत्र घेऊन बसले.

ते सातवं पत्र माझ्याकडेच राहिलं. केंद्रात नेऊन विचारलं, आता हे जोडता येईल का, म्हणजे माणूस परत घालून दुसरं पांघरूण विणता येईल का. खिडकीवरच्या बाईंनी पत्र उलटसुलट बघितलं आणि म्हणाल्या की एकदा वगळलेली व्यक्ती पुन्हा घ्यायची असेल तर वगळणाऱ्याने कारण लिहून द्यावं लागतं. त्यासाठी निराळा कागद आहे. मी तो घरी आणला. 'वगळण्याचे कारण' या शब्दांखाली चार ओळींची जागा सोडली आहे. तो अजून कोराच आहे.

मागच्या आठवड्यात दादाने ताईच्या फोनवर एक फोटो पाठवला, आईला दाखवायला. त्याची खोली, एकट्या माणसाचा पलंग, त्यावर ते पांघरूण नीट पसरलेलं. मेहुणे केसांसह दिसत होते, ताई, बाबा, आई, सगळे ओळीने. मधल्या मरून जागेवर लोकर जराशी दबलेली होती, तिथे कुणीतरी रोज बसत असावं. मी कुठेच दिसेना. चष्मा लावून जवळून बघितलं, तेव्हा कळलं की माझ्या चेहऱ्यावर उशी ठेवली आहे.

मी ते आईला दाखवलं. तिने फोन डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ बघितलं आणि परत दिला.

"उशी कुठेतरी ठेवायलाच हवी," ती म्हणाली.